माहेरचं गोणपाट

जुन्नर तालुक्यात गुरांचा डॉक्टर होतो असं सांगितलं, की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि विचारतो, "मग बिबट्या?" या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तेच विचारलं. म्हणून आधीच सांगून टाकतो. सगळ्या नोकरीत मी मोकळा बिबट्या तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा तो पाठमोरा होता. त्याला माझ्यात रस नव्हता आणि मलाही त्याची शेपटी दिसली तेवढी पुरेशी होती. माझी खरी झुंज झाली ती डोळ्यांना न दिसणाऱ्या एका विषाणूशी. पार्वो त्याचं नाव. कुत्र्यांच्या आतड्यांत शिरतो आणि आतलं अस्तर सोलून काढतो.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची बरीच वर्षं मी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत फिरलो. गाय अडली, म्हैस आटली, शेळी फुगली, की लोक मोटारसायकल पाठवायचे. कुत्रं मात्र कुणाच्या हिशेबात नव्हतं. दवाखान्याच्या छापील तक्त्यात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी यांना आपापले रकाने होते. कुत्रं 'इतर'मध्ये. सरकारकडून येणाऱ्या सुया म्हशीच्या मापाच्या. त्यातली एक पिल्लाला टोचली असती तर ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली असती. शिवाय आमचे परिचर कोंडिबा, म्हणजे जनावर धरणं, जखमा धुणं, चहा करणं आणि मला गप्प बसवणं ही चारही कामं एकट्याने पाहणारा माणूस, कुत्र्यांना भयंकर भ्यायचे. मारक्या बैलाच्या शिंगाला हात घालणारे कोंडिबा, पिल्लू आलं की टेबलावर चढायचे.

पार्वो मला पहिल्यांदा भेटला जुन्नरच्या पेठेत. हसनभाई शिंप्यांनी हौसेने पांढरं पामेरियन पिल्लू आणलं होतं. दोन महिन्यांचं असेल. एके सकाळी ते त्याला फडक्यात गुंडाळून दवाखान्यात घेऊन आले. पिल्लू ओकत होतं, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसत होतं पण पीत नव्हतं, आणि मागून नुसतं रक्तपाणी. या रक्तपाण्याला एक वास असतो. एकदा नाकात बसला की पुढे फाटकातच रोग ओळखू येतो.

"डॉक्टरसाब, काहीतरी करा. दुकानात गिऱ्हाईक माझ्यासाठी नाही येत, याच्यासाठी येतं," हसनभाई म्हणाले.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर पार्वोला मारणारं औषध नाही. तेव्हाही नव्हतं. डॉक्टरने करायचं एवढंच, की शरीरातलं जेवढं पाणी बाहेर जातंय तेवढं शिरेतून आत भरायचं, उलटी थांबवायची, सोललेल्या आतड्यांतून दुसरे जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून इंजेक्शन द्यायचं, पिल्लू ऊबदार ठेवायचं, आणि वाट पाहायची. जो चार-पाच दिवस काढतो तो बहुधा जगतो. मी माणसांच्या औषधाच्या दुकानातून तान्ह्या बाळांची सुई आणली, फुलपाखरासारखे दोन पंख असलेली. सलाईनची बाटली हसनभाईंच्या दुकानात, कोट टांगायच्या खुंटीला लटकवली. खाली ते मशीन चालवत बसले आणि मांडीवर पिल्लू. दर टाक्यागणिक पिल्लू हलायचं, दर हलण्यागणिक हसनभाई बाटलीकडे बघायचे. त्या चार दिवसांत शिवलेल्या कपड्यांची मापं चुकली अशी पेठेत ओरड झाली. पिल्लू वाचलं आणि मी स्वतःला फार मोठा समजू लागलो.

आता खरी गोष्ट सांगतो. ती दोन हजार सालच्या आसपासची. उसात बिबट्यांचं येणं-जाणं वाढलं होतं ते दिवस. पिंपळवंडीच्या मळ्यात शेवंतामावशी राहायच्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या, दारात आठ शेळ्या आणि एक कुत्री. कुत्रीचं नाव हौशी. तांबूस रंग, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. दिसायला चारचौघींसारखीच, पण डोक्याने वेगळी. साधं कुत्रं बिबट्याचा वास आला की भुंकत त्याच्यावर धावून जातं आणि त्याच्या पोटात जातं. हौशी धावायची नाही. गोठ्याच्या दाराला पाठ लावून उभी राहायची आणि माणसं उठेपर्यंत भुंकायची. हा गुण तिच्या आईत होता, आजीत होता आणि तिच्या पिल्लांत उतरायचा. त्यामुळे हौशीला दिवस गेले की मावशींच्या दारात मागणी घालणाऱ्यांची रांग लागायची.

"कुत्रं इकत नसत्यात, डॉक्टर," मावशी म्हणायच्या. "लेक इकतं का कुनी?"

आणि ते त्या नुसतं म्हणायच्या नाहीत. पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की न्यायला येणाऱ्याने नारळ आणायचा. मावशी पिल्लाच्या कपाळाला कुंकू लावायच्या. मग हौशी ज्या गोणपाटावर निजायची त्याचा वीतभर तुकडा फाडून पिल्लाबरोबर द्यायच्या. नव्या घरी त्या तुकड्यावर निजवलं की पिल्लाला आईचा वास येतो, ते रडत नाही, घर धरतं. ते गोणपाट कधी धुवायचं नाही हा नियम, कारण धुतलं की वास गेला. पिल्लू नेणारं घर त्या दिवसापासून मावशींचं सोयरं. घरधनीण विहीणबाई. राजुरीपासून मढपर्यंत आणि इकडे मंचर-घोडेगावपर्यंत मावशींच्या अशा पंचवीस-तीस विहिणी होत्या. लग्नाकार्यात त्यांना मानाचं बोलावणं यायचं आणि त्या जायच्याही.

सोयरीक म्हटली की माहेरपणही आलं. एका थंडीत नारायणगावच्या सोयऱ्यांचं पिल्लू ओकायला लागलं. त्यांनी काय करावं? दवाखान्याआधी त्याला माहेरी आणलं. आईजवळ चार दिवस राहिलं की बरं वाटेल! मावशींनी मला निरोप धाडला. मी गेलो तर पिल्लू त्या गोणपाटावर निपचित पडलेलं, रक्तपाणी गोणपाटात मुरतंय, आणि हौशी त्याला चाटतेय. वास फाटकातच आला होता. मी बाभळीच्या फांदीला बाटली टांगली. चौथ्या दिवशी पिल्लाने उठून ताक चाटलं. सलाईनच्या सात बाटल्या मी लावल्या, आणि नाव झालं गोणपाटाचं.

"माहेरच्या आंथरुनावर टाकलं आन् उठलं बगा!" ही बातमी दोन बाजारांत सगळ्या सोयऱ्यांकडे पोचली. मी हसलो आणि गप्प राहिलो. खरं तर तिथेच त्या गोणपाटाला काडी लावायला हवी होती. मी अंगणात फिनेलचं पाणी शिंपडायला सांगितलं आणि मोटारसायकलला किक मारली.

पुढच्या उन्हाळ्यात हौशीला सहा पिल्लं झाली. हौशी आणि पिल्लं ठणठणीत. या वेळी मी जोरात होतो, कारण आता माझ्याकडे पार्वोची लस होती. लस थंड ठेवावी लागते आणि आमच्या दवाखान्याचा फ्रीज हा फक्त नावाचा फ्रीज होता. कोंडिबा त्यात चपला ठेवायचे. तेव्हा बाजारपेठेतल्या पारसशेठनी, त्यांचं औषधाचं दुकान, घर वरच्या मजल्यावर, आपल्या घरच्या फ्रीजमध्ये एक कप्पा दिला. घराणं मूळचं राजस्थानचं, जैन. त्यांच्या आईंना सगळे बाईजी म्हणत. बाईजींनी आधी मला समोर बसवून चौकशी केली.

"यानं जीव वाचतो?"

"वाचतो, बाईजी."

"मग ठेवा. पण वीज गेली की माझा फ्रीज मी कुणाला उघडू देत नाही. तुम्ही आलात तरी नाही."

कांदा-लसणाचा स्पर्श नसलेल्या त्या फ्रीजमध्ये, कैरीच्या लोणच्याशेजारी, माझी लस राहिली. तालुक्यात तिच्याइतका कडक बंदोबस्त दुसऱ्या कशालाच नव्हता.

चाळिसाव्या दिवशी मी सहाही पिल्लांना लस टोचली. न्यायला आलेली मंडळी भोवती उभी होती. मला स्फुरण चढलं. "आता पार्वोची ऐशी की तैशी," मी म्हणालो. "न्या बिनघोर." मावशींनी कुंकू लावलं, गोणपाटाचे सहा तुकडे फाडले. एक पिल्लू मढला गेलं. मढला मावशींची खरी लेक सुनंदा दिलेली होती. तिचं घर गावाबाहेर रानात. नवरा दुधाच्या टेम्पोवर, पहाटेच जायचा. घरात सुनंदा, सासू अंजनाबाई आणि पाळण्यातलं मूल. आधीचं कुत्रं बिबट्याने नेलेलं. मावशींना त्या पिल्लाची घाई सगळ्यात जास्त होती.

निघताना मावशींनी मला सातवा तुकडा दिला. राजुरीला त्यांच्या सोयऱ्यांकडे सरदार नावाचा हौशीचा तीन वर्षांचा लेक होता. जोडीचं कुत्रं गेल्यापासून नीट खात नव्हता. "राजुरीला चाललाच हायसा तर येवढं द्या. आईचा वास आला की खाईल." मी वर्तमानपत्रात गुंडाळून तो तुकडा माझ्या औषधांच्या पिशवीत टाकला. श्रद्धा आहे, कुणाचं काय जातंय, असं मनाशी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

दोन आठवड्यांत सहापैकी चार पिल्लं गेली. मढचं त्यात होतं. आणि राजुरीचा सरदार रक्त ओकत पडला. तोवर मी मानत होतो की पार्वो पिल्लांचा रोग, तीन वर्षांच्या जवान कुत्र्याला कशाला होईल? सरदार नशिबाने आणि अंगच्या ताकदीने उठला, पण माझी अक्कल आडवी झाली.

गावोगाव दोनच गोष्टी बोलल्या जात होत्या. एक, डॉक्टरने सुई टोचली म्हणून मेली. दुसरी, हौशीच्या दुधातच दोष आला. मढच्या अंजनाबाईंनी तर निरोपच धाडला, "तुमच्या घरचं कुत्रं नको आन् बोलनं बी नको." सुनंदाला दिवाळीलाही माहेरी पाठवलं नाही. पंचवीस-तीस मानलेल्या विहिणी होत्या मावशींच्या, आणि जी एकच खरी ती तोंड फिरवून बसली. मळ्यातली माणसं म्हणायची, कुत्री घाटात सोडून या. त्याच दिवसांत हौशीला पुन्हा पिल्लं झाली. तीनच. म्हातारपणची, शेवटची.

"ही कुनालाच द्यायची न्हाईत," मावशी मला म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "आन् येक मढला गेल्याबिगर माझी लेक दारात यायची न्हाई. सांगा, काय करू?"

मी आमच्या जुन्या प्राध्यापकांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, हा विषाणू अंगरखा बदलतो. फार नाही, एखादं बटण इकडचं तिकडे. पण तेवढ्यानेही फरक पडतो. याचे नवे अवतार आलेत आणि ते मोठ्या कुत्र्यांनाही सोडत नाहीत, असं आम्हीही ऐकतोय." मला हसनभाईंची बटणं आठवली. सरदार आजारी होता तेव्हाच त्याचा नमुना बर्फात घालून मी त्यांच्या प्रयोगशाळेत पाठवला होता. पार्वो आहे एवढं कळलं, कोणता अवतार ते तिथे सांगता आलं नाही, आणि मला ते आजतागायत माहीत नाही. "पण नव्या अवतारावर सगळं ढकलू नकोस," सर म्हणाले. "लस किती वेळा दिलीस?"

"एकदा."

सरांनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळतं. ते अंगात आहे तोवर रोग होत नाही, पण लससुद्धा लागू पडत नाही, कारण ते संरक्षण लशीलाही शत्रू समजून संपवतं. दीड-दोन महिन्यांनी ते ओसरतं आणि पिल्लू उघडं पडतं. म्हणून लस तीन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायची, साडेतीन महिन्यांपर्यंत. "आणि हा विषाणू फिनेलला दाद देत नाही. सावलीत, कापडात महिनोन्महिने टिकतो. ब्लीचिंग पावडर हवी, नाहीतर उकळतं पाणी, नाहीतर आग. तुझी पिल्लं निजतात कशावर?"

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून हेच एक वाक्य घोळवत होतो. पिल्लाचं संरक्षण ओसरायची वेळ चाळिसाव्या दिवसानंतरची. नेमकं तेव्हाच आम्ही त्याला सासरी धाडत होतो, आणि बरोबर रोग बांधून देत होतो. राजुरीला तर मी स्वतःच्या हाताने नेऊन दिला होता.

मावशींना हे सांगणं माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम. मी ओसरीवर बसलो आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या.

"म्हंजी मीच मारली का माझी लेकरं?"

"मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. मी डॉक्टर. आणि सरदारला तो तुकडा मीच पोचवला."

मावशी उठल्या, गोणपाट ओढून अंगणात आणलं. त्यांच्या सासूच्या हातचं होतं ते. चार पिढ्यांच्या कुत्र्या त्यावर निजल्या होत्या. त्यांनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि काडी लावली. धूर निघाला तेव्हा त्या रडल्या आणि माझेही डोळे भरले. कोंडिबा म्हणाले, धुराने. धूर त्यांच्याच बाजूला जात होता.

मग कामाला लागलो. ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून विहिरीत टाकायची पावडर आणली, गोठा धुतला, भिंतींना चुना दिला. मीही पावडरच्या पाण्यात बूट बुडवल्याशिवाय फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही असं ठरलं. मावशी तांब्या घेऊन पहाऱ्याला बसायच्या. तिन्ही पिल्लांना पहिली लस दिली. पण गोणपाट जाळता येतं, अंगणातली माती कुठे जाळणार? दुसऱ्या लशीला पाच दिवस होते, डिसेंबरचा कडाका होता, आणि मढसाठी ठेवलेली, कानाला पांढरा ठिपका असलेली मादी सकाळी उठली नाही. मी फाटकात पोचलो आणि वास आला.

मावशींनी एकच विचारलं, "हीच का?"

तिला वेगळं काढून ओसरीच्या उन्हात आणलं. शीर मिळेना. म्हशीची शीर करंगळीएवढी असते, या जीवाची शिवणाच्या दोऱ्याएवढी. चौथ्या टोचणीला मिळाली. अंग गार पडत चाललं होतं. मी अंगातला स्वेटर काढला आणि तिला त्यात गुंडाळलं. निळा, हाताने विणलेला, पत्नीने, सुलभाने, मला दिलेला. पाच दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ मी पिंपळवंडीला जात होतो. गाई-म्हशीवाले चिडले. "डॉक्टर, आमची म्हस खोळंबलीय आन् तुमी कुत्र्यापाशी बसता व्हय?" एकाने तोंडावर ऐकवलं. बरोबरच होतं त्याचं. म्हशीला मी उशिरा गेलो आणि बोलणीही खाल्ली.

चौथ्या दिवशी तिने डोळेही उघडले नाहीत. मावशी तिच्या शेजारी बसून मढच्या घराचं वर्णन करत होत्या. दारात आंबा हाये, पाळण्यात भाचा हाये, तुला लई काम हाये बाय तिथं. मी दुसरीकडे बघत बाटलीचे थेंब मोजत होतो. खरं सांगतो, मला आशा नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी कोंडिबांनी ओसरीच्या टोकाला, कुत्र्यांपासून सुरक्षित अंतरावर, आपला डबा उघडला. सुकटीची चटणी आणि भाकरी. ते पाणी प्यायला वळले आणि ओरडले. निळा स्वेटर ओसरीवरून सरकत त्यांच्या दिशेने येत होता. सलाईनची नळी मागे ताणली गेली होती, आणि स्वेटरच्या गळ्यातून बाहेर आलेलं तोंड भाकरीच्या काठाला लागलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा कोंडिबांनी कुत्र्याला हात लावला. भाकरी सोडवायला म्हणून लावला आणि मग काढलाच नाही. "आरं, हिला भूक लागली! राव, हिला भूक लागली!" असं ते सगळ्या मळ्याला सांगत सुटले. सोललेल्या आतड्यांना भाकरी चालत नाही म्हणून आम्ही ती काढून घेतली आणि पेज दिली. मावशींनी मला भर ओसरीत ओवाळलं.

एवढ्या सुया टोचून घेतल्या म्हणून तिचं नाव पडलं सुई.

मावशींनी चाळीस दिवसांचा रिवाज मोडला. तिन्ही पिल्लांचं लसीकरण पुरं होऊन साडेतीन महिने भरल्यावर, फेब्रुवारीत, मी, मावशी आणि टोपलीत सुई असे आळेफाट्याहून एसटीने मढला निघालो. "तुमी चलाच. इहीन माझं आयकायची न्हाई," मावशींनी बजावलं होतं. मी तोच स्वेटर घातला होता. मधल्या काळात मी तो दोनदा गुपचूप उकळला होता आणि लोकर आटून बाह्या कोपराखाली जेमतेम पोचत होत्या. मढला सकाळी चांगलाच गारठा होता.

अंजनाबाई अंगण झाडत होत्या. आम्हाला बघून खराटा थांबला, पण 'या' म्हणाल्या नाहीत. सुनंदा दाराआडून बघत होती. मी उभ्या उभ्याच बोललो. "आधीचं पिल्लू कुत्रीच्या दोषाने मेलं नाही. माझ्या चुकीने मेलं. रोग गोणपाटात होता आणि मला तो ओळखता आला नाही. ही तो रोग भोगून उठलीय. हिला काही होणार नाही." डॉक्टर माणूस चूक कबूल करतोय हे अंजनाबाईंना बहुधा नवीन असावं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात सुई टोपलीतून उतरली, सरळ चालत गेली आणि त्यांच्या खराट्याचं एक टोक तोंडात धरून ओढायला लागली. अंजनाबाईंनी ओढलं. सुईने सोडलं नाही.

"दमाची हाये," त्या म्हणाल्या. मग मावशींकडे वळल्या, "हिचं आंथरून कुठंय?"

मावशींचा चेहरा पडला. "न्हाई आनलं. आता द्येतच न्हाई म्या."

"लेक धाडली आन् आंथरून न्हाई? मंग ही कुई कुई करंल आन् माझा नातू उठंल. आवो विहीनबाई, रोग व्हता तर उकळून आनायचं की!"

एवढा साधा उपाय मला सुचला नव्हता. घरी दोन वेळा स्वेटर उकळूनही सुचला नव्हता! मी अंगातला स्वेटर काढला आणि दाराशी अंथरला. सुईने खराटा टाकला, स्वेटरवर आली, एकदा नाक खुपसून हुंगलं, गोल फिरली आणि बसली. तिला माझ्या वासाची भीती वाटायला हवी होती. पण आजारात तिला ऊब मिळाली ती त्याच वासाची.

अंजनाबाई हसल्या. "डॉक्टर, म्हंजी तुमी आता मुलीकडलं. जेवल्याबिगर जायाचं न्हाई." आणि आत वळून म्हणाल्या, "सुनंदे, आईला पानी दे. आन् कापडं भर. चार दिस माहेराला जाऊन ये."

मावशी अंगणातच खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. सुनंदा धावत आली. मी थंडीने कुडकुडत होतो आणि इतका आनंद मला पुन्हा क्वचितच झाला.

हौशी त्यानंतर वर्षभराने म्हातारपणाने गेली. सुई मात्र मढला दाराला पाठ लावून वर्षानुवर्षं उभी राहिली. तिला पिल्लं झाली की अंजनाबाईंचा निरोप यायचा, "पहिली सुई कवा?" तीन लशी झाल्याशिवाय त्या पिल्लू देत नसत. आणि देताना बरोबर स्वेटरची एक पट्टी, उकळलेली, मग सुईच्या अंगाखाली दोन दिवस ठेवलेली. निवृत्तीच्या दिवशी मला निरोप द्यायला मढपासून मंचरपर्यंतचे सोयरे आले होते. कोंडिबांनी त्यांना पहिल्या रांगेत, 'मुलाकडच्या' खुर्च्यांवर बसवलं.

सुलभा दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, त्यामुळे हे ती वाचणारच. तिने दोन पावसाळे बसून विणलेला तो निळा स्वेटर एसटीत विसरला असं मी तिला सांगितलं होतं, आणि अजूनही थंडी पडली की ती एसटीवाल्यांना नावं ठेवते. सुलभा, तो एसटीत राहिला नाही. तो नऊ घरांत आहे, आणि प्रत्येक घरी त्यावर एकेक लेक निजते.